नाशिकमधील दंतोपचार व दंतविमा

दात, हिरड्या, जबडा आणि तोंडातील मृदू भाग यांच्या रोगांवर नोंदणीकृत दंतवैद्याने केलेली चिकित्सा म्हणजे दंतोपचार होय. अशा उपचारांचा खर्च अंशतः वा पूर्णतः भरून देणाऱ्या विमासंरक्षणास दंतविमा म्हणतात. भारतात स्वतंत्र दंतविमा फारसा रुळलेला नाही. दातांसंबंधीचे जे काही संरक्षण मिळते, ते बहुतेक वेळा सर्वसाधारण आरोग्यविम्याच्या एखाद्या कलमात दडलेले असते. प्रस्तुत लेखात नाशिक शहर व जिल्हा यांच्या संदर्भात सुरक्षित दंतोपचार कोठे व कसे मिळतात आणि विम्याचा त्यास कितपत आधार होतो, याची माहिती दिली आहे.

व्यवसायाचे नियमन

भारतात दंतवैद्यकाच्या व्यवसायाला कायद्याची चौकट मिळाली ती दंतवैद्य अधिनियम, १९४८ या कायद्याने. त्यानुसार १९४९ साली भारतीय दंत परिषद स्थापन झाली आणि राज्याराज्यांत नोंदणी परिषदा आल्या. महाराष्ट्रातील दंतवैद्यांची नोंदवही मुंबई येथील महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोग अधिनियम संमत केला. १९४८ च्या कायद्याची जागा नव्या व्यवस्थेने घ्यावी, हा त्याचा हेतू आहे.

जुन्या कायद्यातील एक तरतूद इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. नोंदवहीचे 'अ' आणि 'ब' असे दोन भाग करण्यात आले होते. 'अ' भागात पदवीधर दंतवैद्य, तर 'ब' भागात पदवी नसली तरी नोंदणीपूर्वी किमान पाच वर्षे याच व्यवसायावर उपजीविका करणारे. पिढीजात कसबावर चालणाऱ्या धंद्याचे शास्त्रात रूपांतर होत असताना जुन्या लोकांच्या पोटावर पाय येऊ नये, एवढाच या सवलतीचा अर्थ होता. तिचा आधार घेऊन आज कोणी विनापदवी दुकान थाटू शकत नाही. नोंदवहीत नाव नसताना दंतवैद्यकी करणे हा गुन्हा आहे.

दंतवैद्यकातील मूळ पदवी बी.डी.एस. होय. चार वर्षांचा अभ्यासक्रम व त्यापुढे एक वर्षाची आंतरवासिता असे तिचे स्वरूप आहे. त्यानंतर तीन वर्षांची एम.डी.एस. ही पदव्युत्तर पदवी नऊ शाखांत मिळते. मुळांवरील उपचार, हिरड्यांचे रोग, वेडेवाकडे दात सरळ करणे, कवळी व कृत्रिम दात, मुलांचे दात, तोंड व जबड्याची शस्त्रक्रिया या त्यांपैकी सामान्य रुग्णाच्या वाट्याला येणाऱ्या शाखा. साध्या किडीसाठी वा दात काढण्यासाठी एम.डी.एस. शोधत हिंडण्याचे कारण नाही. आडवी रुतलेली अक्कलदाढ, जबड्यातील गाठ किंवा एकदा बिघडलेला रूट कॅनॉल मात्र तज्ज्ञाकडेच सोपवावा. रूट कॅनॉलला 'मूळनलिका-उपचार' असा सुबक प्रतिशब्द आहे. परंतु दुखऱ्या दाढेवर हात धरून बसलेला रुग्ण तो उच्चारत नाही, आणि त्याचे डॉक्टरही नाहीत.

नाशिकमधील सोयी

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना १९९८ साली झाली आणि त्याचे मुख्यालय नाशिकला आले. अभिमत विद्यापीठे वगळता राज्यातील दंत महाविद्यालये याच विद्यापीठाला संलग्न आहेत. म्हणजे राज्यभरातील हजारो दंतवैद्यांच्या पदवीपत्रांवर नाशिकचे नाव असते. नाशिकच्या सामान्य रुग्णाला मात्र विद्यापीठापेक्षा पंचवटीतील महाविद्यालय अधिक ओळखीचे आहे.

महात्मा गांधी विद्यामंदिर या संस्थेचे कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय व रुग्णालय १९९१ पासून पंचवटीत चालते. दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात प्रथम तपासणी, मग आवश्यक तर क्ष-किरण चित्र आणि त्यानंतर संबंधित विभागाकडे रवानगी, असा क्रम असतो. उपचार विद्यार्थी वा आंतरवासी डॉक्टर करतात आणि अध्यापक त्यांवर देखरेख ठेवतात. शुल्क खासगी चिकित्सालयाच्या मानाने पुष्कळच कमी असते. वेळ मात्र अधिक द्यावा लागतो, कारण प्रत्येक टप्पा अध्यापकाने पाहून मान्य केल्याशिवाय विद्यार्थी पुढे जात नाही. घाई असलेल्यांना हा दोष वाटतो. वस्तुतः एका दातावर दोन जणांची नजर पडते ती अशाच ठिकाणी. ज्याच्या पदरी कोणतीही पॉलिसी नाही अशा नाशिककराचा खरा दंतविमा म्हणजे हा बाह्यरुग्ण विभागच, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

शासकीय व्यवस्थेत जिल्हा रुग्णालयात दंत विभाग असतो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर दंतवैद्य सहसा नसतो, त्यामुळे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी अशा तालुक्यांतील वाड्यापाड्यांवरच्या रुग्णाला दातासाठी तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या गावी यावे लागते. येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी उपचाराच्या खर्चात कोणी धरत नाही. प्रत्यक्षात पुष्कळदा तोच मोठा भाग असतो. येथे एक गोष्ट उपयोगी पडते. राज्य परिवहन महामंडळाच्या बसमध्ये ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत, तर मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या स्त्रियांना अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. कवळीसाठी चार-पाच वेळा फेऱ्या माराव्या लागतात, तेव्हा ही सवलत लहान नव्हे.

शाळा व अंगणवाडीतील मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली होते. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात दातांची कीड तसेच दुभंगलेला ओठ व टाळू यांचा समावेश आहे. तपासणी पथकाने दिलेली संदर्भचिठ्ठी पालकांनी जपून ठेवावी. ती दाखविल्यास पुढील शासकीय रुग्णालयात मुलाची नोंद सुलभ होते. शिक्षकांचा अनुभव असा की चिठ्ठ्या दप्तरातच राहतात आणि दुधाचे दात 'पडणारच आहेत' या समजुतीखाली किडत जातात. दुधाची दाढ अकाली गेली तर मागचे दात पुढे सरकतात आणि कायमच्या दाताला जागा उरत नाही.

सुरक्षित चिकित्सालयाची लक्षणे

दंतवैद्याचा नोंदणी क्रमांक चिकित्सालयात आणि औषधचिठ्ठीवर असावा अशी अपेक्षा आहे. तो दिसत नसल्यास विचारण्यात संकोच नसावा. चिठ्ठीवरील क्रमांक राज्य परिषदेच्या नोंदवहीशी ताडून पाहता येतो. पाटीवर नाव एकाचे आणि हातात हत्यार दुसऱ्याचे, असा प्रकार असल्यास आपल्या दाताला हात लावणारी व्यक्ती कोण, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

निर्जंतुकीकरण हा सुरक्षिततेचा कणा होय. दंतोपचारात रक्त आणि लाळ यांचा हत्यारांशी थेट संबंध येतो. कावीळ 'ब' या रोगाचा विषाणू वाळलेल्या रक्तात, शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरू शकतो. म्हणून हत्यारे नुसती धुणे, स्पिरिटने पुसणे वा पाण्यात उकळणे पुरेसे नाही. उकळत्या पाण्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसवर थांबते आणि काही जंतूंचे बीजाणू त्यात तगून राहतात. ऑटोक्लेव्ह या यंत्रात दाबाखालील वाफेने १२१ अंशांवर किमान १५ मिनिटे किंवा १३४ अंशांवर किमान ३ मिनिटे हत्यारे ठेवली जातात. वेष्टनात बांधलेल्या हत्यारांना अधिक वेळ द्यावा लागतो. घरातील प्रेशर कुकरचे तत्त्व तेच. फरक इतकाच की येथे वेळ आणि तापमान यांची नोंद ठेवावी लागते. हत्यारे कागदी-प्लास्टिकच्या बंद पाकिटात घालून निर्जंतुक केलेली असतील तर त्या पाकिटावरील खुणेचा रंग बदललेला दिसतो. असे पाकीट रुग्णासमोर उघडले जाणे ही सर्वांत सोपी आणि डोळ्यांनी पाहता येणारी खूण आहे. दात कोरणाऱ्या यंत्राची मूठही दर रुग्णागणिक निर्जंतुक व्हावयास हवी. तिची नुसती पुसापुशी होत असेल तर बाकी चकचकाटाला अर्थ नाही. सुई आणि हातमोजे प्रत्येक रुग्णासाठी नवे असावेत.

दंत क्ष-किरण यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. वापरलेल्या सुया, काढलेले दात, रक्ताळलेला कापूस यांची विल्हेवाट जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे लावावी लागते, आणि हे नियम एका खुर्चीच्या चिकित्सालयालाही लागू आहेत. सुयांसाठी न भोसकला जाणारा पांढरा डबा आणि शारीरिक अवयवांसाठी पिवळी पिशवी असा रंगांचा संकेत आहे. ज्या ठिकाणी सगळा कचरा एकाच टोपलीत जातो, तेथे न दिसणाऱ्या गोष्टींचे काय होत असेल, याची कल्पना करता येते.

उपचारापूर्वी कोणता दात, काय करावयाचे, पर्याय कोणते, किती वेळा यावे लागेल आणि एकूण खर्च किती, हे लेखी मागावे. दात वाचविणे आणि दात काढणे हे दोन्ही पर्याय खर्चासह समोर ठेवणारा डॉक्टर विश्वासार्ह समजावा. जबड्याच्या हाडात बसविल्या जाणाऱ्या इम्प्लांटच्या डब्यावर कंपनीचे नाव, माप व उत्पादन-गट क्रमांक असलेले चिकटपत्र असते. ते आपल्या कागदांत लावून घ्यावे. दहा वर्षांनी दुसऱ्या गावी त्याचा स्क्रू ढिला झाला तर त्या एवढ्याशा कागदावाचून नव्या डॉक्टरला जोडभाग मिळणे कठीण जाते.

बाजारपेठेत वा पदपथावर बसून तत्काळ दात बसवून देणारे अजूनही आढळतात. त्यांच्या कामातील धोका समजून घेण्यासारखा आहे. शेजारच्या निरोगी दातांना तार गुंडाळून त्यांवर जागच्या जागी घट्ट होणारा प्लास्टिकसदृश लगदा थापला जातो. त्याखालची हिरडी कधीच स्वच्छ करता येत नाही. वर्षा-दोन वर्षांत आधार दिलेले चांगले दातही हलू लागतात. वरच्या कवळीला रबरी चकती लावून ती टाळूला 'चिकटविण्याची' एक जुनी पद्धत आहे. त्या चकतीच्या सततच्या दाबाने टाळूला भोक पडल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत.

रुग्णाने सांगावयाच्या गोष्टी

दातासाठी गेलेला मनुष्य हृदयाच्या गोळ्यांविषयी बोलत नाही, कारण दोहोंचा संबंध त्याला जाणवत नाही. प्रत्यक्षात तो फार निकटचा आहे. कृत्रिम हृदयझडप असलेल्या रुग्णास काही उपचारांपूर्वी प्रतिजैविक देण्याची गरज असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आहेत हे डॉक्टरला सांगावे, परंतु दात काढावयाचा म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. रक्तस्राव थांबविण्याचे उपाय असतात, मेंदूत अडकलेल्या गुठळीवर मात्र तितके सोपे उपाय नसतात. हाडांच्या ठिसूळपणावरील काही औषधांमुळे दात काढल्यानंतर जबड्याचे हाड भरून येत नाही. म्हणून अशी औषधे सुरू होण्याआधीच दातांची तपासणी उरकणे श्रेयस्कर. मधुमेही रुग्णाने उपाशीपोटी जाऊ नये. नेहमीचे खाणे व औषध घेऊन सकाळची वेळ घ्यावी. हिरड्यांचा जंतुसंसर्ग आणि रक्तातील साखर ही परस्परांना बिघडवतात, हे आता सर्वमान्य आहे. गर्भारपण, दमा आणि पूर्वी एखाद्या इंजेक्शनने आलेला त्रास यांचाही उल्लेख करावा.

मिश्री, तपकीर, तंबाखू व गुटखा यांविषयी खरे सांगावे. दंतमंजनांत तंबाखू घालण्यास १९९२ पासून बंदी आहे आणि महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून. घरी तव्यावर भाजून केलेली मिश्री कोणत्याच बंदीच्या कक्षेत येत नाही आणि ग्रामीण स्त्रियांत, विशेषतः वयस्कर पिढीत, ती दात घासण्याच्या नावाखाली दिवसातून अनेकदा लावली जाते. तोंड पूर्ण उघडत नसणे, तिखट झोंबणे, पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम यांपैकी काहीही आढळल्यास दात दुखत नसला तरी तपासणी करून घ्यावी.

तातडीची लक्षणे

खालच्या दाढांच्या मुळाशी झालेला पू जिभेखाली आणि गळ्याकडे पसरू शकतो. हनुवटीखाली दगडासारखी कठीण सूज, जीभ वर उचलली जाणे, लाळ गिळता न येणे, आवाज घोगरा होणे आणि ताप ही त्याची लक्षणे होत. या अवस्थेत श्वासमार्ग काही तासांत बंद होऊ शकतो. दातांच्या दुखण्याने माणूस दगावतो यावर अनेकांचा विश्वास बसत नाही, पण तो दगावतो. अशा रुग्णास चिकित्सालयात नव्हे, तर थेट अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका यासाठीही आहे. सुजेला बाहेरून शेक देण्याची घरगुती सवय येथे अपायकारक ठरते. दुखऱ्या दाढेजवळ ॲस्पिरिनची गोळी दाबून धरल्याने हिरडी भाजते आणि वेदना तशीच राहते.

पडझडीत कायमचा दात मुळासकट निघाल्यास तो वरच्या पांढऱ्या भागाने धरावा, घासू नये, दुधात ठेवावा आणि शक्यतो अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोहोचावे. तो पुन्हा रुजण्याची चांगली शक्यता असते. शाळेच्या मैदानावर खो-खो वा कबड्डी चालते तेथे ही माहिती प्रथमोपचार-पेटीच्या झाकणावर लिहून ठेवण्यासारखी आहे. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवीत नाहीत.

आरोग्यविमा आणि दात

भारतात 'मेडिक्लेम' या नावाची पॉलिसी १९८६ साली सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपन्यांनी आणली. तिचा पाया रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चावर होता आणि तोच साचा आजपर्यंत टिकून आहे. दंतोपचार बहुतांशी खुर्चीवर बसून होतात आणि रुग्ण तासाभरात घरी जातो. म्हणजे विम्याची रचना आणि दंतवैद्यकाचा स्वभाव यांची मुळातच गाठ पडत नाही. शंभरात नव्वद वेळा नाकारला जाणारा दावा हा विमाकर्त्याच्या लबाडीचा नव्हे, तर या विसंगतीचा परिणाम असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढील गोष्टी समजण्यास सोप्या जातात.

पॉलिसीच्या मजकुरात चार व्याख्या पाहाव्यात. पहिली 'दंतोपचार' या शब्दाची. नियामकाच्या प्रमाण व्याख्येत दात आणि दातांना आधार देणारे भाग यांवरील तपासणी, भरणे, टोपी बसविणे, दात काढणे व शस्त्रक्रिया यांचा समावेश होतो. जबड्याचे हाड मोडणे किंवा जबड्यातील अर्बुद हे याहून निराळे प्रकार आहेत. म्हणून निदान लिहिताना 'दाताचा त्रास' असे मोघम न लिहिता नेमका अवयव व नेमका रोग लिहिला जाणे महत्त्वाचे ठरते. दुसरी व्याख्या 'रुग्णालय' या शब्दाची. दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या गावी किमान १० खाटा आणि इतरत्र किमान १५ खाटा, चोवीस तास परिचारिका व सुसज्ज शस्त्रक्रियागृह, असे तिचे निकष आहेत. नाशिक शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १४ लाखांवर होती, त्यामुळे येथे १५ खाटांचा निकष लागतो. मालेगाव, सिन्नर वा मनमाड येथे १० खाटा चालतात. एका खुर्चीचे चिकित्सालय कितीही उत्तम असले तरी या व्याख्येत बसत नाही. तिसरी व्याख्या 'डे-केअर' उपचारांची. भुलीखाली होणारी पण चोवीस तासांहून कमी वेळ लागणारी शस्त्रक्रिया तीत येऊ शकते. चौथी 'वैद्यकीय व्यावसायिक' या शब्दाची. प्रमाण व्याख्येत वैद्यक परिषदांचा उल्लेख असतो, दंत परिषदेचा नसतो. म्हणून उपचार करणारा जबड्याचा शल्यचिकित्सक रुग्णालयाच्या यादीवर असणे आणि सर्व कागद रुग्णालयाच्या नावाने निघणे उपयोगी पडते.

यानंतर वगळलेल्या बाबींचे कलम. त्याची शब्दयोजना कंपनीगणिक बदलते. काही पॉलिसींत दंतोपचार 'अपघातामुळे आवश्यक ठरल्याखेरीज' वगळलेले असतात, तर काहींत 'रुग्णालयात दाखल होणे आवश्यक असल्याखेरीज'. वरवर सारख्या दिसणाऱ्या या दोन वाक्यांत अंतर मोठे आहे. पहिल्या प्रकारात दाढेच्या पुवामुळे अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या रुग्णाचा दावा अडचणीत येतो, दुसऱ्यात तो मंजूर होण्यास जागा राहते. १ एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांना सक्तीने द्यावी लागणाऱ्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाण पॉलिसीत रोग वा इजा यांमुळे आवश्यक ठरलेला दंतोपचार आंतररुग्ण खर्चात अंतर्भूत आहे. मात्र मंजूर रकमेतील ५ टक्के वाटा विमाधारकाने सोसावयाचा असतो. दात पांढरे करणे, सौंदर्यासाठी केलेली रचना, नेहमीची कवळी यांना कोठेच स्थान नाही.

बाह्यरुग्ण खर्च देणाऱ्या जोडपॉलिसी आणि नोकरीच्या ठिकाणची सामूहिक पॉलिसी यांत दातांसाठी ठरावीक वार्षिक रक्कम मिळू शकते. ती घेताना एक साधा हिशेब करावा: जादा हप्ता किती, दातांची मर्यादा किती आणि प्रतीक्षाकाळ किती. मर्यादा हप्त्याच्या जवळपासच असेल तर तो विमा नसून आपलाच पैसा वर्षभर दुसऱ्याकडे ठेवणे होय. मर्यादा त्या वर्षात न वापरल्यास बहुधा बुडते, म्हणून ज्यांच्याकडे अशी तरतूद आहे त्यांनी वर्ष संपण्यापूर्वी दात साफ करून घ्यावेत व किडीचे खड्डे भरून घ्यावेत.

२०२४ पासून आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ कमाल तीन वर्षांवर आणला गेला आहे. सलग पाच वर्षे पॉलिसी चालू असल्यास, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. नवी पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत ती वाचून परत करण्याची मुभा आहे. वर उल्लेखिलेली कलमे वाचण्याचा काळ हाच. वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला आहे.

शासकीय योजना

राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती नाशिकसह उर्वरित जिल्ह्यांत आली. आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घातलेली असून कुटुंबाला वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. ७० वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्न न पाहता, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड घेता येते. या योजनांत जबड्याचे अस्थिभंग, दुभंगलेला टाळू, मुखकर्करोग अशा शस्त्रक्रियांना स्थान आहे. कीड भरणे, रूट कॅनॉल, झीज व सौंदर्यविषयक उपचार वगळलेले आहेत. कार्ड आहे म्हणून कवळी फुकट मिळेल, असा अनेक वृद्धांचा समज होतो आणि मग निराशा पदरी येते. मोफत अथवा अल्प दरातील कवळीसाठी दंत महाविद्यालयातच चौकशी करावी.

सातपूर, अंबड व सिन्नर येथील कारखान्यांतील दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या कामगारांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू असते. दंतोपचार हा तिच्या वैद्यकीय लाभाचा भाग असून कुटुंबीयांनाही तो मिळतो. सातपूरला योजनेचे रुग्णालय आहे. पगारातून दरमहा ०.७५ टक्के कपात होत असूनही दातासाठी तेथे जाणारे कामगार थोडे. माजी सैनिकांसाठी २००३ पासून चालू असलेल्या आरोग्य योजनेचे चिकित्सालय देवळालीत आहे आणि अशा चिकित्सालयांत दातांची सोय असते.

पॉलिसी नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांस जुन्या करप्रणालीत वैद्यकीय खर्चाची ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, परंतु खर्च रोखीने केलेला नसावा. दाताचे बिल धनादेशाने वा यूपीआयने चुकते करण्याचे हे एक कारण.

दावा व तक्रार

ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेची सूचना विमा कंपनीस साधारणतः ४८ तास आधी आणि तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून २४ तासांत द्यावी लागते. पॉलिसीगणिक हे आकडे थोडे बदलतात. दंतविषयक दाव्यास तीन कागद निर्णायक ठरतात: रुग्णास दाखल का करावे लागले याचे कारण सांगणारी डॉक्टरची टीप, उपचारापूर्वीचे क्ष-किरण चित्र, आणि अपघात असल्यास त्याची रुग्णालयातील वा पोलिसांकडील नोंद. उपचारानंतर आधीचे चित्र काढता येत नाही. बिलात दातांची कामे व जबड्याची शस्त्रक्रिया स्वतंत्र ओळींत लिहून घ्यावी, अन्यथा दातांच्या दोन हजारांपायी संपूर्ण रक्कम अडते.

दावा नाकारल्यास कारण लेखी व कलम-क्रमांकासह मागावे. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. नियामकाचे 'बीमा भरोसा' हे संकेतस्थळ व १५५२५५ हा दूरध्वनी क्रमांकही उपलब्ध आहे. महिनाभरात समाधान न झाल्यास, अथवा नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत, विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. नाशिककरांसाठी त्याचे कार्यालय पुण्यात आहे. ५० लाखांपर्यंतच्या मागण्या तेथे चालतात, शुल्क नाही आणि वकील लागत नाही. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, अर्जदाराला मात्र पुढे दाद मागण्याची मोकळीक राहते.

उपचारातील निष्काळजीपणाविषयीची तक्रार दोन वाटांनी जाते. व्यावसायिक गैरवर्तनासाठी राज्य दंत परिषद आहे. ती नोंदवहीतून नाव काढू शकते, भरपाई देऊ शकत नाही. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे लागते आणि पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणांत तेथे शुल्क नाही. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. सर्वांनाच पूर्णतः मोफत सेवा देणारी रुग्णालये त्यातून वगळलेली आहेत. दोन्ही ठिकाणी केसपेपर, चित्रे व पावत्या लागतात. त्यांच्या प्रती मागणे हा रुग्णाचा हक्क असून उपचार चालू असतानाच त्या घेतलेल्या बऱ्या.

परदेशी राहणारे व तेथे जाणारे

अमेरिकेतील दंतविम्याला सामान्यतः वार्षिक कमाल मर्यादा असते आणि तेथील ज्येष्ठांच्या 'मेडिकेअर' योजनेत नेहमीचे दंतोपचार येत नाहीत. त्यामुळे सुटीत नाशिकला आलेली कुटुंबे दातांची मोठी कामे येथे उरकतात. इम्प्लांटला हाड धरण्यास काही महिने लागतात, हे विसरून तीन आठवड्यांच्या सुटीत सगळे आटोपण्याचा आग्रह धरला की मग बिनसते. मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आईवडिलांच्या प्रवासविम्यात दातांसाठी सहसा तीव्र वेदनेवरील तात्पुरत्या उपचारापुरतीच लहान रक्कम असते, म्हणून निघण्याच्या किमान दोन महिने आधी येथेच तपासणी करून घ्यावी आणि कवळीची जुनी जोडी फेकून न देता सामानात ठेवावी.